बाल्कनीतली जागा

आमच्या चंद्रप्रभा टॉकीजमध्ये सगळ्यात स्वस्त तिकीट सगळ्यात पुढचं असायचं. पडद्याला नाक लागेल असं बसायचं, मान वर करून, आणि सिनेमा सुटला तरी मान काही खाली यायची नाही. त्याला आम्ही थर्ड म्हणायचो. सगळ्यात महाग बाल्कनी. तिथं डॉक्टर, वकील, अडत्ये आणि त्यांच्या बायका. इंटरव्हलला दिवे लागले की थर्डमधले पोट्टे पडद्याकडं पाठ करून बाल्कनीकडं पाहत बसायचे: कोण आलं, कोणती साडी, कोणाच्या हातात आइस्क्रीम. थर्डमधून बाल्कनी अगदी स्वच्छ दिसते. पहिल्या रांगेतल्या बाईच्या नाकातली चमकीसुद्धा दिसते. हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

मी प्रल्हाद गावंडे, त्या टॉकीजचा शेवटचा मॅनेजर. गाव बोरगव्हाण, वऱ्हाडातलं. माझ्याकडे कॅन्टीन चालवायची इंदूबाई तायडे. आलूबोंडा, उकडलेल्या शेंगा आणि चहा. नवरा लवकर गेलेला, पदरात एकच मुलगी, रेवती. ती शाळेतून थेट टॉकीजमध्ये यायची आणि थर्डच्या कडेच्या खुर्चीवर बसून अभ्यास करायची, पडद्याच्या उजेडात. इंदूबाईनं बाल्कनीत चहाचे ट्रे किती नेले असतील देव जाणे, पण तिथं बसली कधी नाही. मी म्हणायचो, ‘‘इंदूबाई, बसा की एखाद दिवस. मॅनेजरच म्हणतो आहे.’’ तर म्हणायची, ‘‘नाही बाप्पा. मी तिथं बसले तर खाली किटली कोण पाहीन?’’

मग टॉकीज बंद पडली. सगळ्याच पडल्या, आमचीच काय मिजास! रेवती तोवर पुण्याला शिकून आर्किटेक्ट झाली होती. आणि आमच्याकडचा उन्हाळा बदलला होता.

आमचा जुना उन्हाळा कडक, पण कोरडा. कूलरला वाळ्याची ताटी लावली, पाणी घातलं की भागायचं. आता मे महिन्यात हवाच ओली येते. धुतलेला पंचा रात्रभर दोरीवर राहतो आणि सकाळी पिळता येतो. अशा हवेत कूलर म्हणजे नुसता आवाज. एसी लावावा तर सगळा जिल्हा एकदम एसी लावतो आणि वीज जाते, ती दोन-दोन दिवस येत नाही. पहिल्या अशा उन्हाळ्यात आमच्या एकट्या गल्लीतून इतक्या अंत्ययात्रा निघाल्या की खांदा द्यायला माणसं पुरेनात. खांदा देणारेही उन्हात पडायचे.

नगरपालिकेचा विचार होता, टॉकीज पाडायची आणि तिथं काचेचा मोठा हॉल बांधायचा. त्या वेळी रेवती आली. जुन्या इमारती वापरात आणायच्या हेच तिचं काम. कुठं बंद जिनिंग कारखान्याचा दवाखाना केला होता, कुठं गोदामाची शाळा. टॉकीजभर फिरली, भिंतींवर मुठी मारल्या, कान लावला. मी मागं टॉर्च घेऊन.

‘‘काका, ही भिंत दुहेरी आहे ना? मधे पोकळी?’’

‘‘आहे. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.’’

‘‘आणि वरच्या मशीनच्या खोलीत धुराडं?’’

‘‘कार्बनच्या कांड्या जळायच्या पूर्वी. त्यांचा धूर जायला. फार मोठं आहे.’’

ती हसायला लागली. ‘‘खिडकी नाही, भिंती जाड, जमीन उतरती, वर धुराडं. काका, ही इमारत उन्हाळ्यासाठीच बांधली होती. तुम्ही लोकांनी उगाच तिच्यात सिनेमे दाखवले.’’

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. माझी सगळी नोकरी त्या पडद्यासमोर गेली होती, आणि ही कालची पोर ते सगळं उगाच झालं म्हणत होती. पण तिनं मला समोर बसवलं आणि सगळं नीट समजावलं.

माणूस घामानं थंड होतो, पण घाम वाळला तरच. हवा ओली असली की घाम नुसता वाहतो, वाळत नाही, आणि अंगातली उष्णता अंगातच राहते. हवा किती वाईट आहे ते पाहायचं तर थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळायचं. तो ओल्या फडक्याचा आकडा. तो बत्तीसच्या पुढं गेला की म्हातारी माणसं आणि तान्ही लेकरं टिकत नाहीत. पस्तीस झाला तर पहिलवानही नाही, मग तो सावलीत बसून पाणी का पीत असेना.

रेवती ज्यांच्याबरोबर काम करायची त्या पुण्याच्या प्रयोगशाळेनं एक भुकटी शोधली होती. तिच्या कणाकणात इतकी भोकं की चमचाभर भुकटीतली भोकं उलगडून पसरली तर आमची अख्खी टॉकीज झाकली जाईल. ही भुकटी चुन्यात मिसळून गिलावा करायचा. खोलीतली वाफ, म्हणजे माणसांचा घाम आणि श्वास, हा गिलावा पिऊन घेतो आणि भिंतीतून पलीकडच्या पोकळीत सोडतो. पोकळी उन्हानं तापलेली, तिथली हवा धुराड्यातून वर पळते आणि वाफ घेऊन जाते. वीज लागत नाही. खोलीतली हवा कोरडी होते, आणि माणूस आपल्याच घामानं थंड होतो. शिवाय भिंतही गार पडते. कोरडी गार हवा जड, ती उतारावरून घरंगळत पडद्यापाशी साचते.

‘‘म्हणजे थर्डमध्ये?’’ मी विचारलं.

‘‘थर्डमध्ये. म्हातारे आणि बाळंतिणी तिथं बसतील. आणि ओली गरम हवा वर जाणार, बाल्कनीतून धुराड्यावाटे बाहेर पडणार, म्हणून बाल्कनीत कोणी बसायचं नाही. तिथं भट्टी असेल. कुलूप घाला, किल्ली तुमच्याजवळ ठेवा.’’

आयुष्यभर ज्या जागेला शिट्ट्या मारणाऱ्यांची जागा म्हटलं, ती गावातली सगळ्यात मानाची झाली. मला मौज वाटली, आणि थोडं बरंही वाटलं.

काम पुरं झाल्यावर नगरपालिकेनं नाव दिलं ‘उष्मा आश्रय केंद्र’. ते कोणी म्हणेल तर शपथ. लोक म्हणायचे, टॉकीजमध्ये चाललो. पोट्टे म्हणायचे, चला बटाट्यांनो, कोल्ड स्टोरेजला. दुपारी चारशे माणसं आत मावायची, बाहेर रस्त्यावर कुत्रं नसायचं, आणि आत पत्त्यांचे डाव, बायकांच्या निवडायच्या भाज्या, पोरांचा गोंधळ. दोन उन्हाळे गेले. त्या दोन उन्हाळ्यांत आमच्या गावात उष्म्यानं एकही माणूस मेलं नाही. रेवतीला आजूबाजूच्या जिल्ह्यांतून बोलावणी यायला लागली आणि ती सारखी फिरतीवर. इंदूबाई टॉकीजच्या दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, ‘‘माह्या पोरीनं केलं हे.’’ ज्याला माहीत नव्हतं त्याला सांगायची आणि ज्याला माहीत होतं त्यालाही सांगायची.

एकच तक्रार होती. भिंतीला टेकलं की पाठ पांढरी व्हायची. गिलाव्याला वर रंग नाही, पॉलिश नाही, तो कपड्यांना लागायचा. उन्हाळा सोडून बाकीच्या वेळी तिथं लग्नं व्हायची, आणि नवरीकडच्या बायका पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या पांढऱ्या पाठीनं बाहेर पडायच्या. दारावर पाटी होती: ‘भिंत श्वास घेते. भिंतीला रंग लावू नये.’ आता सरकारी जागेत पाट्या काय कमी असतात? थुंकू नये, टेकू नये, मोठ्यानं बोलू नये. आणि भिंत श्वास घेते हे सगळ्यांना शिकलेल्या पोरीचं कौतुकाचं बोलणं वाटलं.

दिवाळीला मी मुलाकडं अमरावतीला गेलो. किल्ल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष म्हणून इंदूबाईकडं. परत येऊन पाहतो तर काय, टॉकीज आतून आकाशी झाली होती! शाळेत, दवाखान्यात असतो तसा ऑइलपेंटचा पट्टा, आधी प्रायमरचा हात, मग रंगाचे दोन. कंबरेइतका ठरला होता, पण डबे उरले म्हणून बायकांनी हात पोचेल तिथपर्यंत नेला होता. वर किरमिजी किनार. सगळं मंडळ राबलं होतं, मंदा ढोरे तर शिडीवरून पडून पाय मुरगळून बसली होती.

‘‘कसं दिसते, मॅनेजरसाहेब?’’ इंदूबाईनं विचारलं. पदराला रंग, केसाला रंग, नाकाच्या चमकीवरही निळा ठिपका.

‘‘झकास!’’

‘‘पोरीनं एवढं केलं अन् भिंती तशाच उघड्या ठेवल्या. तिले वेळ नाही भेटला असंन. लोक नावं ठेवत होते तिच्या कामाले, मले आयकू नाही गेलं. तिले सांगू नका बरं! आली की तिचं तिले दिसू द्या.’’

भिंतीत यंत्रं बसवलेली होती, ती रेवतीच्या मोबाइलवर ओलाव्याची खबर देणार होती. पण त्यांचं सिम वर्षभर कोणी चालूच ठेवलं नव्हतं. ती विचारायची, नगरपालिका म्हणायची होऊन जाईल. हिवाळ्यात कोणाला फरक कळायचं कारण नव्हतं. आणि एप्रिल त्या वर्षी नेमका बरा गेला.

मेमध्ये लाल इशारा आला. सकाळी नऊलाच रस्त्यावरचं डांबर चपलेला लागत होतं आणि हवा अशी, की तोंडावर कोणी ओलं पोतं धरावं. दहापर्यंत टॉकीज भरली. वीज आदल्या दिवशीच गेलेली. आत बॅटरीचे चार दिवे. रेवती त्याच सकाळी चंद्रपूरहून निघाली होती, जीप घेऊन, आमच्या इमारतीची तपासणी करायला. इंदूबाईला कोण आनंद! नवी साडी नेसून, थर्डच्या पहिल्या रांगेत सुफियाच्या शेजारी बसली होती. सुफिया ही आमच्या सायकलवाल्याची सून, तिच्या मांडीवर तीन महिन्यांची मुलगी.

रेवती आत आली ती हसत. ‘‘काका, आज आत एवढं का कोंदलंय?’’ म्हणाली आणि थांबली. टॉर्च भिंतीवर फिरवला. मग दोन्ही तळहात भिंतीला लावून उभी राहिली. मागून मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण तिचे खांदे दिसत होते.

‘‘हे कोणी केलं?’’

इंदूबाई लगबगीनं उठली. तिला वाटलं, आता कौतुक होणार. ‘‘आम्ही केलं वं. मंडळानं. तुले दाखवाचं होतं.’’

रेवती रागात आली की तिची पुण्याची भाषा गळून पडायची. ‘‘आई, माठाले ऑइलपेंट लावते का वं कोणी?’’ ती ओरडली. ‘‘हा माठ होता, माठ! आतला ओलावा बाहेर टाकत होता. तू त्याची सगळी भोकं बुजवून टाकली! चारशे माणसं हायेत इथं. आज मरतीन हे लोक, तुह्या रंगापायी मरतीन!’’

इंदूबाईच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, तिला ते कसं काढावं सुचत नव्हतं. ‘‘मले का माहीत, बाई,’’ ती म्हणाली. ‘‘लोकाइचे कपडे खराब होत होते.’’ आणि खाली बसली.

मला त्या पोरीच्या कानाखाली द्यावीशी वाटली, आणि तिला जवळही घ्यावंसं वाटलं. गिलावा वाफ पितो हे ऐकूनही रंगाचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं; माठ म्हटल्यावर आमच्याकडच्या लहान पोरालाही कळलं असतं. ते तिनं पाटीवर का लिहिलं नव्हतं? तिनं श्वास लिहिला होता.

ओरडून झाल्यावर ती कामाला लागली. हातातल्या छोट्या यंत्रावर ओल्या फडक्याचा आकडा दिसायचा. तीस. काही माणसं उठून उलथनी, चमचे, किल्ल्या घेऊन रंग खरवडायला लागली. तिनं पाहिलं आणि नको म्हणाली. प्रायमर भोकांत मुरला होता. वरचा रंग निघाला असता, भिंत उघडली नसती. शिवाय खरवडणारा माणूस बसलेल्यापेक्षा दुप्पट घाम सोडतो.

‘‘वरची कोरी भिंत चालू आहे, काका. तिच्यावर अर्धी माणसं निभतील. त्याहून जास्त नाही.’’

‘‘मग अर्ध्यांना कुठं न्यायचं?’’

शाळेला पत्रे. पंचायत समितीची इमारत काचेची, तिथं भट्टी. दुसऱ्या गावांची केंद्रं भरलेली आणि रस्त्यानं न्यायचं तर रस्ताच मारणार. शेवटी सुचली ती स्टेशनमागची जुनी विहीर. मोठी, पायऱ्यांची, पाणी घाण पण गार. अंगात दम असलेल्यांनी तिथं जायचं आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसायचं. जवान पोरं, धडधाकट बायाबापे उठले. ओल्या चादरी डोक्यावर घेऊन पळाले. दोघं वाटेत पडले, त्यातला एक परत उठला नाही. पण बाकीचे पोचले आणि संध्याकाळपर्यंत पाण्यात बसून जगले. त्यांना नावं ठेवायला जागा नाही.

आता आत राहिले ते चालू न शकणारे. म्हातारे, पोटुशा, लेकुरवाळ्या, आजारी. ते अजूनही जास्तच होते.

दुपारी आकडा एकतीसवर गेला. मग दशांश-दशांशानं वर. पत्त्यांचे डाव बंद झाले होते. पोरं रडायची थांबली, आणि पोरांनी रडणं थांबवलेलं मला तेवढं भयंकर कधीच वाटलं नव्हतं. सुफिया मुलीच्या तोंडात कापसानं पाणी टपकवत होती, ते ओठांच्या कडेनं बाहेर यायचं. रेवती रांगांमधून फिरत होती आणि दर वेळी यंत्राकडं पाहत होती.

मी तिला बाजूला घेतलं. ‘‘आणखी किती लोक कमी पाहिजेत?’’

‘‘वीस-पंचवीस. तेवढे गेले तर आकडा थांबेल.’’

‘‘मग सांग लोकांना.’’

‘‘कोणाला सांगू, काका? तू ऊठ आणि बाहेर जाऊन मर, असं कोणाला सांगू? मी नाही सांगणार. माझ्यानं होणार नाही.’’ ती रडत नव्हती. तिच्या अंगात रडण्याइतकं पाणीही राहिलं नसेल.

हे बोलणं आम्ही पहिल्या रांगेपासून लांब केलं होतं. पण टॉकीज ती. दुहेरी भिंतीची, आवाज घुमवायलाच बांधलेली. शेवटच्या रांगेतली कुजबुज थर्डमध्ये ऐकू येते, हे माझ्या नोकरीतल्या प्रत्येक प्रेमी जोडप्याला ठाऊक होतं.

थोड्या वेळानं इंदूबाई माझ्यापाशी आली. मागं मंदा ढोरे, अजून लंगडत. तिच्यामागं मंडळाच्या बाकीच्या, विहिरीपर्यंत चालवणार नाही अशा वीस-बावीस जणी.

‘‘मॅनेजरसाहेब, बाल्कनीची किल्ली द्या.’’

‘‘काहून?’’

‘‘बसतो जराशा वरते. खाली दाटी झाली.’’

‘‘इंदूबाई, तिथं काय आहे ते तुम्हाला माहीत आहे.’’

‘‘माहीत हाय. वरचा घाम वरच्यावर धुराड्यानं जाईन, खालच्याइले त्रास नाही. तिनंच सांगतलं होतं ना तुमाले?’’ तिचा आवाज रोज चहाचा हिशेब सांगायचा तसाच होता. ‘‘बाहेर गेलो तर पोरगी मांगून धावत येईन, अन् तीही पडीन. वरते तिचं ध्यान नाही जाणार.’’

‘‘तुम्ही मुद्दाम केलं नाही. कोणी तुम्हाला दोष देत नाही.’’

‘‘दोषाचं कोण बोलून राहिलं?’’ ती चिडली. ‘‘सुफियाची पोर पाहिली का तुमी? डोये फिरवून राहिली ते. द्या किल्ली.’’

मी मंदाकडं पाहिलं. वाटलं, ही तरी नाही म्हणेल. मंदा म्हणाली, ‘‘द्या हो भाऊ. जिंदगीत बाल्कनीत बसलो नाही कधी.’’ आणि सगळ्या हसल्या! खरंच हसल्या, इंटरव्हलला बायका हसतात तशा.

मी किल्ली दिली. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. त्या क्षणी मला सुफियाची पोर दिसत होती आणि दुसरं काही दिसत नव्हतं.

त्या बाजूच्या जिन्यानं वर गेल्या, एकमेकींचा हात धरून. दार उघडलं तेव्हा वरून वाफेचा असा लोट आला की मी दोन पायऱ्या मागं सरलो. त्या आत गेल्या. मी दार लोटून घेतलं.

खाली आलो तर रेवती थर्डमध्ये उभी, सुफियाच्या मुलीच्या छातीवर हात ठेवून. यंत्र दुसऱ्या हातात. आकडा बत्तीसला टेकला होता. मी तिच्यामागं जाऊन उभा राहिलो. आकडा तिथंच राहिला. बराच वेळ राहिला. मग एक दशांश खाली आला.

रेवतीनं यंत्र झटकलं, पुन्हा पाहिलं. आणखी एक दशांश. तिनं मान वर केली, रांगांवरून नजर फिरवली, मोजल्यासारखी. पहिल्या रांगेत आईची जागा रिकामी होती. मंदाची रिकामी होती.

ती पडद्याकडं पाठ करून उभी राहिली आणि तिनं बाल्कनीकडं पाहिलं.

मशीनच्या खोलीच्या चौकोनी झरोक्यांतून बाहेरचं ऊन आत येत होतं, तिथून सिनेमाचा झोत यायचा तसंच. त्यात सगळ्या दिसत होत्या, पहिल्या रांगेत ओळीनं बसलेल्या. मधोमध इंदूबाई, कठड्यावर कोपर टेकून. नाकातली चमकी चमकत होती. तिनं खाली पोरीकडं पाहिलं आणि हातानं खूण केली. पूर्वी रेवती अभ्यास सोडून वर पाहायला लागली की इंदूबाई एका हातात चहाचा ट्रे धरून बाल्कनीतून करायची तीच खूण: तुझं तू कर, इकडं पाहू नको.

रेवतीचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता हाक मारेल. हाक मारली असती तर इंदूबाई खाली आली असती. पोरीनं हाक मारल्यावर ती आली नाही असं कधी झालं नव्हतं. आणि ती आली असती तर बाकीच्याही आल्या असत्या.

सुफियाची मुलगी तेवढ्यात रडली. मांजराच्या पिल्लासारखी, बारीक. सुफियाही तिच्याबरोबर मोठ्यानं रडायला लागली.

रेवतीनं तोंड मिटलं. खाली बसली, मुलीचं तोंड कापसानं पुसलं आणि सूर्य मावळेपर्यंत पुन्हा वर पाहिलं नाही.

संध्याकाळी वारा सुटल्यावर ती सगळ्यांच्या आधी वर धावली. पाच बायका जिवंत होत्या, त्यांत मंदा ढोरे एक. बाकीच्या नव्हत्या. इंदूबाई तशीच बसलेली, कठड्यावर डोकं टेकवून, सिनेमा पाहता पाहता डोळा लागावा तशी. रेवतीनं तिला हलवलं, आई म्हणाली, ऊठ म्हणाली, शिव्या दिल्या, मग तिच्या मांडीत डोकं घालून जी ओरडली ती खाली सगळ्यांना ऐकू आली. कोणाला वर जायची हिंमत झाली नाही.

चौकशी झाली. कोणी रंगाला दोष दिला, कोणी सिम कार्डाला, कोणी पाटीला. रेवतीनं सांगितलं, चूक माझी, मी लोकांना पाटी दाखवली, भिंत दाखवली नाही. मंदानं सांगितलं, त्या आपल्या मर्जीनं वर गेल्या. मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, किल्ली माझ्याजवळ होती आणि मी दिली. त्यांनी ते लिहून घेतलं आणि पुढं काही झालं नाही.

हिवाळ्यात रेवती परत आली. सगळा जुना गिलावा खालपर्यंत काढला, नवा केला. या वेळी भिंतीला कंबरेइतकी शहाबादी फरशी लावली, टेकायला. पाठ पांढरी होत नाही. गिलावा तिच्या वर, बसलेल्याच्या पाठीला लागणार नाही असा. आता ज्या गावात ती इमारत करते तिथं आधी असाच टेकायचा पट्टा आखते, आणि गावातल्या बायकांना बोलावून त्यांच्या हातांनी माठ भरून घेऊन भिंतीशेजारी ठेवते. पाट्या लावत नाही.

त्या हिवाळ्यात काम संपल्यावर ती थर्डमध्ये, तिच्या त्या कडेच्या खुर्चीवर बसली होती. मी दोन कप चहा घेऊन गेलो. टॉकीज रिकामी होती. तिनं कप हातात धरला, प्यायली नाही.

‘‘काका, एक विचारू? खरं सांगाल?’’

‘‘विचार.’’

‘‘त्या दुपारी मी वर पाहिलं. तुम्ही मागंच होतात.’’ तिचा आवाज लहान झाला. ‘‘तुम्हाला दिसलं का, मी काय पाहिलं?’’

मी चहाचा घोट घेतला.

‘‘अंधार होता पोरी,’’ मी म्हणालो. ‘‘खालून काय दिसणार? थर्डमधून बाल्कनी दिसत नाही.’’

ती माझ्याकडं पाहत राहिली. सगळं लहानपण तिनं त्या खुर्चीत काढलं होतं.

‘‘हो काका,’’ ती म्हणाली. ‘‘नाही दिसत.’’